गाळाच्या तळ्याभोवतीचं वाडगं

आमच्या फाट्यावर चहा पिणाऱ्यांना दुसऱ्याच्या दुःखावर बोलायला फार आवडतं. बाळापूरकडून येणारा एखादा ट्रकवाला टायरची हवा बघायला थांबतो, समोरची टेकडी अर्धी खाल्लेली बघून चौकशी करतो, आणि मग कोणीतरी कपातला चहा बशीत ओतत सुरू होतं, की इथं एक ज्ञानबा धनगर होता, त्याने स्वतःच्याच येडेपणाने स्वतःची मेंढरं बुडवली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. माझं पंक्चरचं दुकान चहाच्या हॉटेलला लागूनच आहे, त्यामुळे मला हे रोज ऐकावं लागतं. एकदा तर माझ्या हातातला टायर काढायचा लोखंडी टॉमी मी इतक्या जोरात जमिनीवर टाकला, की तो ट्रकवाला हवा न भरताच निघून गेला. गिऱ्हाईक गेलं, पण बरं वाटलं.

म्हणून हे लिहितोय. ज्ञानबामामा येडा नव्हता, आणि 'होता' म्हणायचंही काही कारण नाही, तो अजून आहे. फाट्यापासून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर त्याचं घर आहे.

आमचं गाव डोंगरकड्याच्या अलीकडे, रस्त्यावरून जाणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये असं. गावाच्या वरच्या अंगाला जुनी दगडाची खदान. माझ्या वडिलांच्या उमेदीत कालव्याच्या कामाला खडी लागली, तेव्हा ती खोदली. चांगला दगड गेला कालव्याला, आणि नको असलेला दगड, मुरूम, भुकटी हे सगळं खदानीच्या तोंडाशीच ओतलं. ओतता ओतता त्याची टेकडी झाली. काम संपल्यावर खोदणारे निघून गेले, टेकडी आम्हाला ठेवून. तिच्यावर कुसळसुद्धा नीट उगवायचं नाही. पावसाळा आला की तिची भुकटी वाहत खालच्या ओढ्यात यायची आणि ओढ्याचं पाणी ताकासारखं पांढुरकं व्हायचं.

गावाला त्याचं फारसं काही नव्हतं. गावाला बोअर आहे, नळ आहे, दोन दिवसांआड का होईना पाणी येतं. ओढ्यावर जगायची ती ज्ञानबामामाची मेंढरं. लहानपणी त्याने बापाच्या कळपातल्या गाभण मेंढ्या ते पांढुरकं पाणी पिऊन हगवणीने गेलेल्या बघितल्या होत्या. खरंखोटं डॉक्टरला माहीत, पण त्याच्या मनात ते इतकं पक्कं बसलं होतं, की पहिल्या पावसात तो कळप घेऊन दोन-दोन कोस लांब पाण्याला जायचा; ओढा निवळेपर्यंत परत फिरकायचा नाही. मी चेष्टेने म्हणायचो, "मामा, तुमी मेंढरांना बिसलेरी पाजा." तो म्हणायचा, परवडली असती तर पाजली असती.

दुकानात तो यायचा तो फुटक्या ट्यूबच्या तुकड्यांसाठी. त्याचे पट्टे कापून वाहणांना लावायचा, बादलीला लावायचा, आणि बदल्यात कधी मूठभर लोकर, कधी पिशवीभर लेंड्या माझ्या दुकानामागच्या कढीपत्त्याला आणून टाकायचा. मी बौद्धवाड्यातला, तो धनगर. आमची सोयरीक या ट्यूबच्या तुकड्यांची.

त्याच्या मेंढरांना मागणी मोठी. काढणी झाली की शेतकरी त्याच्या मागे लागायचे, आमच्या रानात बसव, आमच्या रानात बसव. रात्रभर मेंढरं एका रानात बसली की लेंड्या-मुताने त्या जमिनीचं सोनं होतं. मोबदल्यात ज्वारी मिळायची. ज्या रानात कळप बसवायचा तिथं ज्ञानबामामा संध्याकाळच्या आत बाभळीच्या काट्यांचं गोल कुंपण घालायचा. त्याला आमच्याकडे वाडगं म्हणतात. काट्यांची टोकं बाहेर, बुंधे आत, दाराच्या जागी एक मोठी फांदी. ती ओढली की दार बंद. लांडगा आला तरी आत यायची छाती होत नाही. वाडगं घालून झालं की तो आत उभा राहायचा आणि हाक द्यायचा, "हुर्रऽऽ यो यो." त्याबरोबर पांगलेली मेंढरं एकमेकांना ढकलत दारातून आत. मागून त्याची बायको अनुसयामामी, हातात काठी, डोक्यावर घोंगडी. आज या रानात, चार दिवसांनी त्या रानात. जागा बदलायची, पण काट्यांचं रिंगण तेच आणि हाक तीच. कोकरू पायावर उभं राहिलं की पहिल्यांदा हेच शिकायचं, की काट्यांच्या आत भीती नाही.

दोघांना एकच मुलगी, दिपाली, जवळा बाजार गावात दिलेली. ती गेल्यावर मामीने सगळा जीव मेंढरांना लावला. कळपाची म्होरकी एक काळी मेंढी होती. तिची आई व्यायल्यावर मेली, म्हणून मामीने तिला शेळीच्या दुधावर वाढवलेलं. काळी पुढे, बाकीची तिच्या मागे. मामी रागावली की नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने काळीला बोलायची.

मग रस्त्याचं चौपदरीकरण आलं. खडी पाहिजे, वाळू पाहिजे, आणि नदीची वाळू उपसायला बंदी. कोणाच्या तरी लक्षात आलं, की आमच्या टेकडीत दगडच दगड पडलाय. तो पुन्हा फोडायचा, दळायचा, धुवायचा, की त्याची वाळू होते. ठेकेदार आला. टेकडी उचलून नेतो, वर खदानीचा खड्डाही बुजवून देतो, म्हणाला. गावाचं काही जाणार नव्हतं. ग्रामसभेत सरपंच अमृतराव तर इतके खूश, की ठराव मांडायच्या आधीच मंजूर म्हणाले.

ठेकेदाराबरोबर एक इंजिनिअर बाई आल्या होत्या, सरिता म्हणून, हिंगोलीच्या. पर्यावरणाचं बघायला ठेवलेल्या. अशी माणसं बहुतेक फोटो काढून जातात असा माझा समज, पण ही बाई वेगळी निघाली. तिने सरळ सांगितलं, की टेकडी नुसती पडून आहे तोवर तिच्या अंगातून थोडीच भुकटी वाहते. एकदा फोडायला, धुवायला घेतली, की दहापट वाहील. दगड धुतलेलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही. त्यासाठी खाली एक तळं खणायचं, पाणी त्यात साठवायचं, गाळ तळाशी बसला की वरचं निवळ पाणी पुन्हा धुवायला घ्यायचं. गाळ मशीनने काढून खदानीच्या खड्ड्यात भरायचा, वर माती पसरायची, झाडं लावायची. ठेकेदाराचा मुनीम शेजारी बसून घड्याळ बघत होता. तळ्याचं काम त्याच्या दृष्टीने फुकटचा ताप.

तेव्हा ज्ञानबामामा उठला. ग्रामसभेत तो कधी बोलायचा नाही, मागे उकिडवा बसून असायचा. तो म्हणाला, "टेकाड न्या, समदं न्या. पर वढ्यात एक थेंब पिठाचं पानी आलं, तर म्या मशीनीखाली निजंन." आणि खाली बसला. सभा हसली, मीही हसलो. सरिताबाई हसली नाही. तिने मुनीमाकडे बघून म्हटलं, तळं झाल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही, गावाची अट आहे.

तळं झालं. चांगलं मोठं झालं, गावाच्या बाजूने उतार आणि ओढ्याच्या बाजूने उंच बांध. मशीन सुरू झालं. रस्त्यावर टँकरने पाणी मारायचे, तरी माझ्या दुकानावर धूळ बसायचीच. डंपरच्या टायरांत दगडांचे तुकडे घुसायचे, आणि माझा धंदा दुप्पट झाला. खोटं कशाला बोलू. पण खरी परीक्षा पावसाळ्यात होती. पहिला मोठा पाऊस पडला त्या दुपारी ज्ञानबामामा ओढ्यात गुडघाभर उतरला आणि ओंजळीत पाणी घेऊन बघत बसला. लाल पाणी होतं, नेहमीचं, मातीचं. पांढरं नव्हतं. तो तसाच ओल्या धोतराने माझ्या दुकानात आला आणि नुसता हसत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्या वर्षी त्याची मेंढरं पावसाळाभर घरच्या ओढ्यावर पाणी प्यायली. मामीने सरिताबाईला भाकरी आणि ठेचा खायला घातला. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याचं की कशाचं, मी विचारलं नाही.

तेव्हापासून तो रोज दुपारी तळ्यावर जायला लागला. मामी मेंढरं चारायची, हा बांधावर फेरी मारायचा, कुठं पाझरतंय का बघायचा. कोणी नेमलं नव्हतं.

तळ्याची एक खोड होती. त्यातला गाळ पिठासारखा बारीक. वरचं पाणी उपसलं, ऊन पडलं, की गाळावर साय धरायची आणि भेगा पडायच्या. बघणाऱ्याला वाटावं, वाळलेली जमीन आहे. काठी टोचली तर पूर्ण काठी आत. एक कुत्रं त्यात फसून मेलं. सरिताबाईने त्याच दिवशी तारेचं कुंपण मागवलं. मुनीम म्हणाला नांदेडहून येतंय. आठवड्याने म्हणाला निघालंय. महिन्याने म्हणाला उद्या. ते उद्या काही उजाडलं नाही.

ज्ञानबामामाने तारेची वाट बघितली नाही. एखादं लेकरू गेलं तर काय करता, म्हणाला, आणि कोयता घेऊन बाभळी तोडायला लागला. चार दिवस तो आणि मामी काट्या ओढत होते. तळ्याभोवती असं देखणं कुंपण घातलं, की माणूसच काय, सशालाही वाट नाही. काट्यांची टोकं बाहेर, बुंधे आत. गाळ काढायच्या मशीनला जायला गावाच्या बाजूने एक दार ठेवलं, आणि दाराला एक मोठी फांदी. सरिताबाईने फोटो काढून साहेबाला पाठवला. अमृतराव येऊन बघून गेले, वा म्हणाले. मी स्वतः बघितलं आणि त्याला चिडवलं, की मामा, गाळालाबी लांडगा धरतो का? तो समाधानाने हसला.

आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते होतं. तळ्याभोवती त्याने वाडगं घातलं होतं, त्याला येत होतं तसं, जन्मभर घातलं तसंच. त्याला दुसरं कुंपण कुठं माहीत होतं? आणि आम्हाला ते कुंपण दिसलं. वाडगं कोणालाच दिसलं नाही.

हरभरा निघाला होता, गहू काढणीला आला होता. दुपारी आभाळ एकाएकी काळंनिळं झालं. आमच्या मराठवाड्यात आता हे नवीन राहिलेलं नाही, फाल्गुन-चैत्रात गारा पडतात आणि हाताशी आलेलं घेऊन जातात. मी दुकानातलं सामान आत घेत होतो तोच पत्र्यावर गारांचा तडतडाट सुरू झाला. बोरांएवढ्या, मग लिंबांएवढ्या. समोरचं काही दिसेना.

मामी त्या वेळी खदानीखालच्या हरभऱ्याच्या रानात मेंढरं चारत होती. ज्ञानबामामा काट्यांच्या आत, तळ्याच्या पलीकडच्या बांधावर होता. गाळ काढणारा मशीनवाला गारा सुरू होताच मशीन तिथंच टाकून दगड फोडायच्या शेडकडे पळाला. दार उघडंच राहिलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. लिंबाएवढी गार डोक्यात बसते तेव्हा दार लावायचं कोणाला सुचेल?

मार बसला तशी मेंढरं उधळली. आडोसा कुठंच नाही, सगळं उघडं रान. आणि समोर, त्यांच्या नजरेच्या टप्प्यात, काट्यांचं गोल रिंगण. काळी तिकडे वळली. बाकीची तिच्या मागे.

ज्ञानबामामाला पलीकडून ते दिसलं. त्याने जीव तोडून ओरडायला सुरुवात केली. त्याने मला नंतर सांगितलं, की तोंडातून काय निघतंय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. जन्मभर मेंढरांशी एकाच हाकेने बोललेला माणूस, त्याच्या तोंडून अशा वेळी दुसरं काय निघणार? "हुर्रऽऽ यो यो" हेच निघालं. आणि मेंढरांनी ऐकलं. काट्यांच्या आतून धनी बोलावतोय. ती आणखी जोरात धावली. थांबा म्हणून तो ओरडत होता आणि या म्हणून ती ऐकत होती.

दारातून उतारावर, उतारावरून गाळावर. वरच्या सायीवर गारा पडून सगळं पांढरं, सपाट दिसत होतं. पहिल्या काही क्षणांत सायीने त्यांना तोलून धरलं, म्हणून मागचीही निर्धास्त आत शिरली. मग साय फुटली. भिजलेल्या लोकरीचं ओझं, वरून मार, खाली पीठ. ज्ञानबामामा बांधावरून सरळ आत उडी मारून त्यांच्याकडे जायला निघाला आणि कमरेपर्यंत रुतला.

गारांचा जोर जरा ओसरला तसा आरडाओरडा ऐकून मी दोन भरलेल्या ट्यूबा आणि दोरखंड घेऊन पळालो. शेडमधले लोक आले. ट्यूब फेकून, तिच्यावर पालथं पडून आम्ही मामाला ओढून काढलं. तो येईना. त्याच्या दोन्ही हातांत एका मेंढीचे कान होते आणि ती मेंढी केव्हाच गेली होती. ती काळी होती. आम्हाला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. चार-पाच मेंढरं काढली, पण त्यांच्या नाकातोंडात गाळ बसलेला. मामीने तोंड लावून ओढला, पदराने पुसला, तरी सकाळपर्यंत एकही राहिलं नाही. बाकी कळप आतच.

गारा थांबल्यावर ऊन पडलं. चक्क ऊन पडलं, संध्याकाळचं, पिवळं. मामी उताराच्या तोंडाशी बसली होती. ती रडत नव्हती. गारांच्या माऱ्यात तिने मेंढरं वळताना बघितली होती आणि तिला हायसं वाटलं होतं. ते रिंगण तळ्याचं आहे हे त्या क्षणी तिच्या ध्यानातच आलं नाही; धन्याच्या आवाजावर चालली, आता वाचली, असं तिला वाटलं, म्हणून तिने त्यांना अडवलं नाही. हे तिने नंतर दिपालीला सांगितलं. त्या वेळी तिने नवऱ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "तुमचाच आवाज होता व्हो."

मी पुष्कळ मयतींना गेलोय. पण त्या संध्याकाळी जे ऐकलं ते कोणाच्या कानावर पडू नये. चरायला जाताना लहान कोकरं घरी ठेवून जातात, दिवस मावळायला आया परत आल्या की ती दुधाला तुटून पडतात. ज्ञानबामामाच्या अंगणात ती कोकरं डालग्याखाली आयांची वाट बघत होती. वेळ झाली तशी ओरडायला लागली. थांबेनात. सगळा गाव ऐकत होता. आमच्या वाड्यातली नानीबाई शेळीचं दूध घेऊन गेली, मग आणखी बायका आपापल्या तांब्यांतून दूध घेऊन आल्या, आणि त्यांनी एकेक कोकरू मांडीवर घेऊन बोटाने दूध चाटवलं. काही प्यायली, काहींनी तोंडच उघडलं नाही. ज्ञानबामामा अंगावर वाळलेला गाळ तसाच घेऊन उंबऱ्यात बसला होता आणि कोकरू ओरडलं की दर वेळी अंग चोरत होता. पुढच्या आठवड्यात जगली वाचली कोकरं दिपालीच्या सासरकडच्यांनी नेली. ज्यांच्या आया नाहीत ती कोकरं मामीच्याने बघवेनात.

गाव भडकलं. गाव भडकायला उशीर करत नाही, भडकून काय करायचं हे मात्र त्याला माहीत नसतं. मारुतीच्या पारावर बैठक बसली. अमृतराव म्हणाले, तळ्याने घात केला, तळं फोडून टाका, उद्याच्या उद्या बांध कापा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुनीम तर उठून हात जोडून म्हणाला, गावाचीच इच्छा असेल तर आमची ना नाही, मशीन आहेच, आत्ता कापतो. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्या दुःखाच्या आड त्याचा सुटकेचा श्वास मला दिसत होता. तळं गेलं की त्याचा रोजचा गाळ काढायचा खर्च गेला, दगड धुतलेलं पाणी सरळ ओढ्यात, आणि तेही गावाच्या मागणीवरून. मला त्या माणसाला दोन लगावाव्याशा वाटल्या.

सरिताबाई बोलायला उभी राहिली. बांध कापला तर तळ्यात साठलेला सगळा गाळ एका दमात ओढ्यात जाईल, तिथून नदीला, एवढं ती म्हणाली, आणि कोणीतरी मागून ओरडलं की बाई, तुमच्या कागदापायी गरिबाचा कळप गेला. ती खाली बसली. तिचं सगळं खरं होतं, पण त्या दिवशी खरं बोलायचा हक्क तिच्याकडे नव्हता.

तो ज्याच्याकडे होता तो पाराच्या कडेला बसला होता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, कारण त्याने 'फोडा' म्हटलं की संपलं. मामी बायकांत बसली होती, तीही बघत होती.

ज्ञानबामामा हळू बोलला. "तळं फोडू नका," तो म्हणाला. "मेंढरं मपल्या आवाजानं गेली, तळ्यानं बलावलं न्हाई त्यांना. त्यांना निवळ पानी मिळावं म्हून हे समदं केलं. आता वढाबी नासला, तं ती कशापायी गेली मंग?"

मग त्याने मुनीमाकडे बघून सांगितलं, तार उद्या नको, आज पाहिजे. आणि काट्या मी माझ्या हाताने काढीन, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

मामी उठून घरी गेली. मला वाटतं, तिला नवऱ्याच्या तोंडून दुसरंच काहीतरी ऐकायचं होतं. निदान एकदा त्याने त्या तळ्याला शिवी घालावी, असं तिला वाटत असणार. माझंही तेच होतं. तो बराबर बोलला हे कळत होतं, आणि तरी त्याचा राग येत होता. दिपाली तिला जवळा बाजारला घेऊन गेली. चार महिने मामी तिकडेच होती.

तार त्याच संध्याकाळी आली. नांदेडहून नाही, बाळापूरच्या दुकानातूनच. एवढ्या जवळ होती. ज्ञानबामामाने एकट्याने सगळ्या काट्या उपटल्या, एका जागी रचल्या आणि पेटवून दिल्या. मेलेली मेंढरं गाळातून मशीनने काढून खदानीच्या एका कोपऱ्यात पुरली होती, चुना टाकून. ठेकेदाराने भरपाई दिली. किती, ते सांगणार नाही; मेंढरांच्या मानाने ती बरी होती आणि ज्ञानबामामाच्या मानाने काहीच नव्हती. लोकांनी सांगितलं, पुन्हा कळप घे. तो म्हणाला, हाक कुठून आणू? त्या दिवसानंतर त्याने ती हाक दिलेली नाही. एकदा माझा धाकटा दुकानाच्या मागे खेळता खेळता "हुर्र यो यो" ओरडला, तेव्हा मामा हातातला ट्यूबचा तुकडा तिथंच टाकून निघून गेला होता.

आता टेकडीचा मोठा भाग गेलाय. खदानीचा खड्डा बराचसा भरलाय, त्याच्यावर माती पसरलीय, सरिताबाईने लिंब, करंज, बोर असली आपल्याकडची झाडं लावलीत. पण भुकटीच्या जमिनीत दम नाही, रोपं पिवळी पडतात. एकदा ती मामाबरोबर उभी होती आणि बोलता बोलता म्हणून गेली, इथं एक पावसाळा मेंढरं बसली असती तर... आणि तिथेच थांबली. तिने तोंडावर हात ठेवला. मामा म्हणाला, व्हय, सोनं झालं असतं.

अनुसयामामी आली परत. एके दिवशी बाळापूरच्या गाडीतून फाट्यावर उतरली, माझ्याकडे पाणी प्यायली आणि पिशवी घेऊन घराकडे चालायला लागली. दोघं बोलतात. कामापुरतं का होईना, बोलतात. तो तळ्यावर जातो तेव्हा ती जात नाही.

मागच्या उन्हाळ्यात जळबा नावाचा एक जवान मेंढपाळ लांबून कळप घेऊन या वाटेने आला. सगळीकडे पाणी आटलेलं. फाट्यावर त्याने मला विचारलं, इथं जनावराला पाणी कुठं? मी त्याला ओढ्याकडे नेलं. खालच्या डोहात पाणी होतं, तळ दिसेल असं. मामा काठावर होता, रोजच्यासारखा. कळप बघून तो उठून उभा राहिला.

मेंढरं पाण्यात तोंडं घालून प्यायला लागली. एवढी मेंढरं एकदम पाणी पितात तेव्हा एक आवाज होतो. आमच्या ओढ्यावर तो दोन वर्षांत झाला नव्हता. जळबाला काय माहीत? त्याने तंबाखू मळता मळता धनगर धनगराला विचारतो तसं सहज विचारलं, की मामा, तुमची कुठं हायेत?

"मला न्हाईत," ज्ञानबामामा म्हणाला. "तुझी पिऊ दी पोटभर. पानी चांगलं हाय, म्या रोज बघतो."

पिऊन झाल्यावर कळप काठ चढून वर यायला लागला. एक मेंढी त्याच्या पायाला घासून गेली, तेव्हा त्याने वाकून तिच्या पाठीवर हात ठेवला. मेंढी थांबली नाही. हात तिच्या लोकरीतच ठेवून तोही तिच्याबरोबर चालायला लागला, फाट्यापर्यंत, आणि जळबाने काही न विचारता कळपाची चाल थोडी हळू केली.